स्वभावाला औषध असतं

संपादक महोदय,

'स्वभावाला औषध नाही' असं आपण सर्रास म्हणतो, पण मागच्या महिन्यात भाचीला डॉक्टरांनी बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (भावना आवरता न येण्याचा मानसिक आजार) सांगितलं आणि घरात कोर्टच भरलं, आत्या म्हणे रक्तातच आहे, आजोबा म्हणे लाडाने बिघडली, आणि मोबाइलला शिव्या तर फुकटच. खरं तर सगळेच थोडे थोडे बरोबर. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत या आजारात आनुवंशिकतेचा वाटा साधारण 40 ते 50 टक्के निघतो, म्हणजे नुसतं रक्ताला धरून चालत नाही. मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी (तरुणपणी त्या स्वतःच मनोरुग्णालयात होत्या, 2011 मध्ये जाहीर सांगितलं त्यांनी, केवढी हिंमत!) हे नीट उलगडलंय, की मूल मुळातच हळवं असतं, राग-दुःख पटकन चढतं आणि उतरायला वेळ लागतो, त्यात घरचे 'नाटकं बंद कर' म्हणत राहिले की त्याला स्वतःला नेमकं काय होतंय तेच कळेनासं होतं, मग ते आणखी आकांडतांडव करतं आणि घरचे आणखी झिडकारतात. आमच्याकडे अगदी हेच चाललं होतं, मीही त्यात होतो.

लिनेहान बाईंनीच काढलेली डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, म्हणजे भावना सांभाळायला शिकवणारा बोलण्यातून होणारा उपचार) यावर चालते, गोळ्या फक्त सोबतीला. पण तालुक्याच्या गावात ती शिकलेला माणूस शोधून दाखवा! आम्ही तूर्त 14416 या टेली मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर बोलतो, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. तुमच्या आरोग्य पुरवणीत डाएटच्या जोडीला कधीतरी हाही नंबर छापा की.

– एक मामा, सांगली