तो फोटो कुणालाच पाठवला नाही

न्युरेंबर्ग, रविवार रात्र

प्रिय दिल्या,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही दिलं, रागावला असशील. तब्येत ठीक, गुडघा अधूनमधून कुरकुरतो. आज लिहितोय कारण काल झेपेलिन मैदानावर, नाझींच्या त्या जुन्या मेळाव्याच्या जागी, जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

आठवतंय ना, तू त्या पायऱ्या चढायला साफ नकार दिलास. खाली गवतात चिवड्याची पिशवी फोडून बसलास आणि म्हणालास, "अमेरिकनांनी १९४५ च्या एप्रिलमध्ये वरचं स्वस्तिक उडवलं, तेव्हाच खालचंही उडवायचं होतं." मी म्हटलं, दगडाचा काय दोष? घरी येईपर्यंत अबोला. शेवटी अनघाने दोघांना एकाच ताटात वरणभात वाढायची धमकी दिली तेव्हा तोंडं उघडली.

काल मुक्ताला नेलं. ती धावत वर गेली, हिटलर जिथून भाषण करायचा त्या पुढे आलेल्या चौथऱ्यावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाबा, फोटो!" मी खालून काढला. पडद्यावर पाहिला आणि पोटात गोळा आला. माझी एवढीशी पोर महाराणी दिसत होती! हिटलरचा वास्तुकार श्पेअर, त्याने पर्गमॉनची प्राचीन ग्रीक वेदी डोळ्यांपुढे ठेवून हे बांधलं ते यासाठीच. वर उभा राहील तो मोठा दिसावा, खालचे सगळे किडामुंगी. दोन्ही बाजूंच्या खांबांच्या रांगा मोडकळीला आल्या म्हणून १९६७ साली पाडल्या, फटींतून गवत उगवलंय, भिंतीवर पोरं टेनिसचा चेंडू बडवतात. तरी तो दगड अजून आपलं काम करतोय रे. म्हणजे तू बरोबर होतास?

पण मग म्युनिक आठव. हिटलरच्या १९२३ च्या फसलेल्या उठावात मेलेल्या नाझींच्या शवपेट्या ज्या दोन मंदिरांत मांडल्या होत्या, ती १९४७ च्या जानेवारीत सुरुंगाने उडवली. उरलेत ते झाडोऱ्यात बुडालेले चौथरे, आणि आपण दोघं त्यांच्याकडे न बघता पुढे गेलो. शेजारच्या इमारतीत १९३८ च्या म्युनिक करारावर, चेकोस्लोव्हाकियाचा तुकडा हिटलरला देणाऱ्या, सह्या झाल्या. आता ते संगीत विद्यालय. खिडकीतून पियानो ऐकू आला आणि तूच म्हणालास, "काय सुरेख वाजवतंय कुणीतरी!" पुसलं की आपल्यासारखेही विसरतात. ठेवलं की माझी पोर महाराणी होते.

इथे आता डागडुजीला साडेआठ कोटी युरो ठरलेत. दगडांमागे पाणी मुरतं, थंडीत गोठतं, दगड फुटतो. सजवायचं नाही, फक्त पडू द्यायचं नाही, असं पालिका म्हणते. बांधकामातला माणूस म्हणून मला ते पटतं. बाप म्हणून कालपासून झोप नाही. मुक्ताला तिथेच नीट सांगायला हवं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "खाली ये." ती म्हणाली, "का? वर जायला बंदी आहे?"

बंदी नाही ना! कुणालाच नाही.

काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? नवीन नोकरीचं सविस्तर लिही, मुंबई सोडायची घाई करू नकोस. आई ग्रुपवर नातीचा फोटो मागतेय. तिला चौथऱ्यावरचा नाही, तळ्याकाठचा पाठवला. चौथऱ्यावरचा पुसलाही नाही अजून. तू आलास की दाखवीन. आणि त्या दिवशी मुक्ताला तिथे तू घेऊन जा, खाली गवतात बस तिला घेऊन, आणि काय ते तूच सांग. चिवडा आण.

तुझा,
मिल्या