अंजीर लावतोयस ना, मग हे वाच

सासवड,
17 मे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या उन्हात अंजीर जगेल का, असं विचारलंस. अरे, उन्हाला तू भी, ते झाड नाही भीत. फळ पिकताना त्याला कोरडी हवाच लागते. तेव्हा पाऊस पडला की फळ उकलतं आणि पाणचट लागतं. आमच्या पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात या हवेचा आणि मुरमाड जमिनीचा मोठा वाटा.

तुझी खरी अडचण माती. काळ्या चिकण जमिनीत नुसता खड्डा घेऊन मुरूम भरलास तर पावसाळ्यात त्याचा हौद होतो आणि मुळं कुजतात. म्हणून मुरूम, माती आणि कुजलेलं शेणखत कालवून वीत-दीड वीत उंचवटा कर आणि त्यावर रोप लाव. भिंतीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून दहा-बारा फूट लांब. वड-उंबराच्या कुळातलं झाड आहे, मुळं पाण्याचा माग काढत जातात.

रोप मी पाठवतो, ‘पुना अंजीर’ची गुटी, म्हणजे फांदीलाच मुळं फोडून केलेलं कलम. नर्सरीवाल्याने परदेशी जात दाखवली तर भुलू नकोस. स्मर्नासारख्या जातींत एक बारीकशी गांधीलमाशी आत शिरून परागीकरण करते तेव्हाच फळ टिकतं, नाहीतर हिरवंच गळतं. पुना अंजिराला तिची गरज नाही.

बहार दोन, पावसाळ्यातला खट्टा आणि उन्हाळ्यात फळं देणारा मीठा. तू मीठाच धर. पावसाळ्यात पानांच्या मागे तांबेरा या बुरशीची तपकिरी पूड धरते, पानगळ होते. बागाईतदार फवारण्या करून निभावतो, घरच्या एका झाडासाठी तो उपद्व्याप कशाला? सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी करून पाणी सुरू कर. फेब्रुवारी-मार्चपासून मे महिन्यापर्यंत फळं खाशील.

आता पाणी, आणि सगळी मेख इथेच आहे. कमी दे, पण नेमाने दे. चार-पाच दिवस कोरडं ठेवून मग पाइप सोडून दिलास की फुगलेली फळं तडकलीच म्हणून समज. तुमच्या नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा एक ड्रम उंचावर ठेव आणि त्याला ठिबकची नळी जोड. बुंध्यापासून जरा लांब, उसाच्या पाचटाचा जाड थर अंथर. भर दुपारी पानं मलूल झाली म्हणून बादली घेऊन धावू नकोस. संध्याकाळी ती ताठ झाली नाहीत तरच पाणी कमी पडतंय.

तोडायची घाई मात्र करू नकोस, कारण तोडल्यावर अंजीर गोड होत नाही. देठाकडची मान मऊ पडून फळ खाली झुकतं, सालीवर बारीक पांढुरक्या भेगा दिसतात, कधी तळाच्या डोळ्याशी मधासारखा थेंब साचतो. तेव्हा तोड. बुलबुलांनाही हे सगळं कळतं, म्हणून फुगायला लागल्यावर फळांना जाळीच्या पिशव्या बांध. चिकाने हात खाजतात, खोबरेल लावून जा.

मृग लागेपर्यंत रोप सावलीत ठेव.

वहिनींना नमस्कार सांग. त्यांना सुकं अंजीर करायची हौस आहे म्हणालास, पण या जातीत तेवढी साखर नसते. हे ताजंच खायचं, तेही एक-दोन दिवसांत.

तुझा,
विजय