बाळ्या, शंख बंद झाला

लोकमान्य नगर, इंदूर
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

प्रिय बाळ्या,

आठ महिने पत्र नाही, तेव्हा आधी शिव्या देऊन घे. तब्येत ठीक, साखर ताब्यात, गुडघे कुरकुरतात. आता खरं सांगतो. घरात हे कुणाला कळत नाहीये.

स्थापनेच्या आरतीत मी शंख फुंकला आणि डाव्या छातीवर, बायपासच्या व्रणाखाली, लिंबाएवढा फुगा आला. जोर सोडला की आत, खोकलो की बाहेर. तुझ्या सायकलच्या फाटक्या टायरातून ट्यूब डोकवायची ना, हुबेहूब तसं. (आणि तो टायर मी फाडला नव्हता. ५० वर्षं सांगतोय.)

सूनबाई म्हणाल्या, गॅस. एक्सरे साफ. मग सीटी स्कॅन काढताना श्वास कोंडून जोर लावायला सांगितला, तेव्हा पठ्ठ्या सापडला. फुफ्फुसाचा हर्निया! पोटाचा ऐकला होता, हा नवाच. ३ वर्षांपूर्वी छातीचं हाड न कापता बरगड्यांमधून बायपास झाली म्हणून केवढा मिरवलो होतो मी, तुला दोनदा फोन केला होता. तीच फट. पुढच्या बाजूला, छातीच्या हाडाजवळ, बरगड्यांमधल्या बाहेरच्या स्नायूचा नुसता पडदा उरतो म्हणे. त्यात माझं वजन, मधुमेह आणि जुना खोकला.

दुखत नाही तोवर नुसतं लक्ष ठेवायचं. त्या फटीत फुफ्फुस अडकलं, दुखू लागलं किंवा थुंकीत रक्त आलं, तर ऑपरेशन करून जाळी बसवायची. ऑपरेशनची मला भीती नाही. (आहे.) रात्री उठून बोटाने फट चाचपतो. सराफ्याच्या खाऊगल्लीत खाताना ठसका लागेल म्हणून तिकडे जाणंही सोडलंय. पण हे सगळं परवडलं. डॉक्टर उठता उठता म्हणाले, "आणि शंख बंद."

७८ साली तो शंख मी तुझ्याकडून जिंकला. तुझं फुस्स झालं, माझा राजवाड्यापर्यंत गेला, असं मी म्हणतो. तू दोन महिने बोलला नाहीस. काल विसर्जनाला पोरांनी मोबाईलवरून स्पीकरला शंख लावला, रे! मी छातीवर हात धरून उभा. हर्नियासाठी नव्हता धरला.

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं ना? नातीचं कॉलेज कुठलं ठरलं? पुण्याचा फ्लॅट विकू नकोस, घाई करतोस.

दिवाळीला ये. शंख देईन असं समजू नकोस. फक्त एकदा वाजवून दाखव. फुस्सच होणार आहे.

तुझा,
दिन्या