जीप दोनदा हलवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

समोर असताना मी तुम्हाला नावानेच हाक मारते. तुमच्याकडे रीतच तशी, आणि ‘सर’ म्हटलं की तुम्ही मागे वळून बघता, कोण आलंय म्हणून. पण मराठीत लिहायला बसलं की पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाला नुसत्या नावाने लिहायला हात धजत नाही. म्हणून काका. हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही. शनिवारी मीच वाचून दाखवेन, जमेल तसं इंग्रजी करत. मराठीत लिहितेय, कारण यातलं निम्मं माझ्या माणसांनीही ऐकायला हवं.

गेल्या आठवड्यात तुम्ही जीप विकलीत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही गिऱ्हाईक शोधलंत. तो पोरगा ट्रेलर घेऊन आला, तरी तुम्ही आतल्या पायपोसांवरची वाळू झटकत बसला होतात. मी तिथेच उभी होते. काहीतरी बोलायचं होतं, पण ‘गाडी छान होती’ एवढंच तोंडातून निघालं. घरी येऊन रडले. तेव्हा जे बोलता आलं नाही ते इथे लिहिते.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलची गोष्ट. आई नगरहून आली होती (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तिच्या तोंडी नगरच). आमच्या ॲरिझोनातल्या चँडलरच्या घरात बसून बसून ती कंटाळली होती. नवऱ्याने कुठेतरी वाचलं की फ्लॉरेन्सच्या पलीकडे बॉक्स कॅनियनची वाट सुंदर आहे, आणि आमची गाडी चारही चाकांवर चालते, असं विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. निघालो पहाटेच. पालो व्हर्डे ऐन बहरात होती. खोडासकट हिरवं असलेलं ते झाड पिवळ्या फुलांनी असं लगडलेलं, की आई म्हणाली, “अगं, हा तर बहावा!” एका सग्वारोपाशी तिने गाडी थांबवायला लावली. या निवडुंगाला पहिला फाटा फुटायलाच पन्नास-पंच्याहत्तर वर्षं लागतात, असं मी तिला सांगितलं. तिने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “म्हणजे माझ्या वयाचा. आत्ता कुठे हात फुटलेत बिचाऱ्याला.”

पुढे अर्ध्या तासात आम्ही रुतलो. ओढ्याचं कोरडं पात्र, इथे त्याला वॉश म्हणतात. वरून वाळू घट्ट दिसते, आत पिठासारखी. चाक फिरलं की माणूस घाबरून ॲक्सिलरेटर दाबतो, आणि जितका दाबतो तितका खाली जातो. हे आता मला कळतं, तेव्हा नवऱ्याला कळत नव्हतं. (हे त्याला दाखवूनच छापतेय.) गाडी एका अंगाला कलली, म्हणून आईला उतरवून टॉवेलवर बसवलं. मोबाइलला रेंज नाही. पाण्याच्या चार बाटल्या, त्यातली एक अर्धी.

दोन गाड्या गेल्या. पहिली धुरळा उडवत, न थांबता. दुसरा एक चकचकीत ट्रक, मागे येशूच्या माशाचं चिन्ह. तो थांबला. काच अर्धी खाली आली, आतल्या माणसाने ‘गॉड ब्लेस’ म्हटलं, काच वर गेली. आई टॉवेलवरूनच बघत होती. म्हणाली, “याजक गेला, लेवी गेला. आता शोमरोनी यायचा राहिलाय.” (बायबलातल्या गोष्टीत जखमी वाटसरूला बघून याजक आणि लेवी पुढे निघून जातात, परका शोमरोनी तेवढा थांबतो.)

आणि तुम्ही आलात. खरं सांगते काका, तुम्हाला बघून मला हायसं वाटलं नव्हतं, भीती वाटली होती. जुनाट जीप, मागे फडकणारा झेंडा, कमरेला पिस्तूल. ॲरिझोनात ते कायद्याने चालतं हे माहीत होतं, पण ओसाड जागी, आमच्या रंगाच्या माणसांसमोर, उंचापुरा गोरा माणूस पिस्तूल लावून उतरतो तेव्हा कायदा आठवत नाही. मी लेकाला जवळ ओढलं होतं. तुम्ही ते पाहिलं असणार. पिस्तूल काढून जीपमध्ये ठेवलंत आणि मगच पुढे आलात. त्यावर तुम्ही कधीच काही बोलला नाहीत, मीही विचारलं नाही.

रुतलेल्या गाडीकडे तुम्ही बघितलंही नाहीत. आधी आईकडे गेलात, टोपी काढलीत, वाळूत गुडघे टेकलेत आणि तिच्या हातात पाणी दिलंत. तुमच्या जीपमध्ये बसायला सांगितलंत, पण एवढं उंच चढायला तिचे गुडघे तयार नव्हते. मग तुम्ही वर सूर्याकडे बघितलंत, खाली आईकडे बघितलंत, जीप सुरू केलीत, आणि तिच्या पूर्वेला अशी आडवी लावलीत की सावली नेमकी तिच्यावर पडली.

तुमची बाकीची मंडळी मागून आली. पाच गाड्या. पुढचं सगळं फावडी, दोर, टायरमधली हवा वगैरे. त्यात शिरत नाही, माझा लेक ते कुणालाही तासभर ऐकवतो. मला आठवतं ते मधलंच. तासाभराने ऊन वर चढलं, सावली आखडली, आणि आईच्या पावलांवर ऊन आलं. ती काही बोलली नाही. माझं लक्ष नव्हतं. पोटच्या पोरीचं नव्हतं हो! तुम्ही चाकाखाली पालथे पडून वाळू उकरत होतात, कोपरापर्यंत हात आत. तिथून तुम्हाला तिचे पाय दिसले. उठलात, हात पँटला पुसलेत, जीप पुन्हा सुरू केलीत, दोन हात पुढे सरकवून तिच्या जवळ आणलीत, बंद केलीत, आणि परत येऊन पालथे पडलात. काही न बोलता.

एवढंच. गाडी काय, कुणीही काढली असती. पैसे घेऊन काढणारेही असतात.

हे इतकं का लागलं, ते कळायला आधीची दोन वर्षं सांगायला हवीत. या देशात आल्यावर आम्ही चर्च शोधत होतो. पहिलं सापडलं ते मोठं, वातानुकूलित, पार्किंग एवढं की तिथे नगरचा आठवडे बाजार भरावा. नाव घेत नाही. पहिल्याच रविवारी स्वागताची पिशवी मिळाली. आत कप, पेन आणि फॉर्म. मग प्रश्न सुरू झाले: “तुम्ही कधी धर्म बदलला?” मी पहिल्यांदा नीट उत्तर दिलं. म्हटलं, माझ्या पणजोबांचा बाप्तिस्मा झालेला. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून आहे. तुमच्याच देशातली सिंथिया फॅरार नावाची बाई तिथे मुलींच्या शाळा चालवायला आली आणि १८६२ साली तिथेच वारली. ऐकणाऱ्या बाईंनी मान डोलावली आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारलं. नंतर त्यांना मी मिशनच्या कार्यक्रमाला हवी होते, साडी नेसून, ‘भारतातल्या अंधारातून’ कशी बाहेर आले ते सांगायला. कसला अंधार? आमच्या मंडळीत (चर्चच्या समुदायाला आम्ही मंडळी म्हणतो) दर रविवारी पेटी-तबल्यावर भजनं व्हायची, नाताळात करंज्यांचे डबे भरायचे आणि शेजारच्या देशपांडे काकूंकडे पहिला डबा जायचा.

नवऱ्याचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा त्या मंडळीकडून ई-मेल आला. ‘आम्ही प्रार्थना करत आहोत’, आणि खाली एक लिंक: जेवण हवं असल्यास फॉर्म भरा. मी भरला. अजून वाट बघतेय.

आपल्या लोकांचंही सांगते, नाहीतर एकतर्फी होईल. गणपतीच्या कार्यक्रमात मोदक वळायला बसले होते तर एकीने विचारलं, “तुम्ही मराठी? मग ख्रिश्चन कशा?” जसं काही दोन्हींसाठी वेगवेगळ्या रांगा आहेत आणि मी चुकीच्या रांगेत उभी आहे.

तर काका, त्या दिवशी गाडी निघाल्यावर तुम्ही म्हणालात, आम्ही पुढे जेवायला थांबणार आहोत, चला. पुढच्या एका वळणावर ट्रकचं मागचं फळकूट खाली पाडून तेच टेबल झालं. तुम्ही सगळ्यांनी टोप्या काढल्यात आणि हात धरलेत, तेव्हा कुठे आम्हाला कळलं की ही नुसती गाड्या फिरवणारी टोळी नाही, मंडळी आहे. प्रार्थनेनंतर तुम्ही आईला विचारलंत, तिच्या भाषेत काही म्हणेल का. कधी बदलला, का बदलला, काहीही नाही. तिने प्रभूची प्रार्थना मराठीत म्हटली. शेवटच्या ‘आमेन’ला सगळ्यांचा आवाज एकत्र आला आणि तिचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. मग तिने डबा उघडला. चपात्या, बटाट्याची भाजी आणि लसणाची चटणी. चटणीने तुमच्यातल्या एका दाढीवाल्या पहिलवानाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी काढलं, आणि तरी त्याने पुन्हा मागितली.

तेव्हापासून महिन्यातून दोन शनिवार आम्ही तुमच्यात असतो. मी कायकाय शिकले! वाळूत शिरण्याआधी टायरची हवा पस्तीसवरून अठरावर आणायची, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. पावसाळ्यात, म्हणजे इथे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर, आकाश डोक्यावर निळं असलं तरी वॉशमध्ये थांबायचं नाही, कारण पूर दुसरीकडच्या पावसाचा येतो. भिजलेल्या क्रिओसोटच्या झुडपांचा वास म्हणजे इथला मातीचा वास. आणि तुमचा तो नियम, की फाटा आला की पुढच्याने थांबायचं, मागची गाडी आरशात दिसल्याशिवाय वळायचं नाही. प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्याला सांभाळायचं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “दिंडीच की गं ही.”

कामिनो देल दियाब्लोची वाट मात्र मी तुमच्यामुळेच पाहिली. मराठीत सांगायचं तर सैतानाची वाट. सव्वाशेहून जास्त मैल, परवाना काढून जायचं, मेक्सिकोची हद्द हाताशी. इथले मूळ रहिवासी ओधाम लोक त्या वाटेने पूर्वापार जात होते. फादर किनो नावाचे मिशनरी १६९९ च्या सुमारास तिथून गेले, आणि पुढे सोन्याच्या ओढीने कॅलिफोर्नियाकडे निघालेली कित्येक माणसं तहानेने वाटेतच पडली. तिनाहास आल्तासला तुम्ही सगळ्यांना गाड्या बंद करायला लावल्यात. ग्रॅनाइटच्या कड्यात एकावर एक पाण्याची कुंडं. स्पॅनिशमध्ये तिनाहा म्हणजे मातीचा रांजण, असं तुम्ही म्हणालात आणि मी ओरडलेच. कारण आमच्या पारनेर तालुक्यात, निघोजला, कुकडीच्या पात्रात असेच खडकातले खळगे आहेत आणि त्यांना आम्ही रांजणखळगेच म्हणतो! कुठे कुकडी, कुठे ही कोरडी भट्टी.

खालची कुंडं आटलेली असली की वर चढायचं त्राण नसलेली माणसं तिथेच संपायची, हे तुम्ही हळू आवाजात सांगितलंत. मग टोपी काढून त्यांच्यासाठी गप्प उभे राहिलात. जुन्या लोकांसाठी आणि, तुम्हीच म्हणालात, आजही त्या वाळवंटातून चालत येताना मरतात त्यांच्यासाठी. तुमच्या गाडीवरचा झेंडा बघून तुमच्याकडून मी हे धरलं नव्हतं. आपलं राजकारण आजही जुळत नाही. मागच्या महिन्यात तर तुम्ही माझ्यावर चिडून कॉफी अर्धी टाकून उठलात, आणि दहा मिनिटांनी दोन कप घेऊन परत आलात.

मी खूप वर्षं ‘सहभागिता’ हा शब्द वापरत आले. उपासनेच्या पत्रिकेत छापलेला असतो: उपासनेनंतर चहा व सहभागिता. चहा मिळायचा. दुसरं काय असतं ते बघायला मला वाळूत रुतावं लागलं. आणि हे फक्त ख्रिस्ती माणसांनाच जमतं असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. आमच्या देशपांडे काकू आईच्या ऑपरेशनच्या वेळी आठ दिवस डबा घेऊन नगरच्या उन्हात चालत यायच्या, फॉर्म न भरता. सभ्य माणूस ओळखायची माझी आता एकच खूण आहे: दुसऱ्याच्या पायावर आलेलं ऊन त्याला दिसतं का.

आई अजून दर रविवारी विचारते, “जीपवाले बरे आहेत ना?” जीप विकली हे तिला सांगितलेलं नाही. तुम्हीच सांगा, व्हिडिओ कॉलवर. ती तुम्हाला चटणी पाठवायच्या गोष्टी करतेय.

परवा तुम्ही म्हणालात, आता तुम्हा लोकांवर ओझं व्हायचं नाही, शनिवारचं येणं बंद. काका, हे चालणार नाही. शनिवारी सकाळी साडेपाचला मी गाडी तुमच्या दारात आणते. फ्लॉरेन्सचीच वाट, तीच वॉश. पोहे आणतेय, मिरची कमी. टायरची हवा मी काढेन, मोजेल लेक, तुम्ही उतरायचं नाही. नुसतं शेजारी बसून माझ्या चुका काढायच्या. आणि टोपी विसरू नका, बाजूच्या काचेतून ऊन येतं.

तुमची,
मागच्या आरशातली