तू शांघायला येण्याआधी

शांघाय, रविवार रात्र

चि. सईस,

अनेक आशीर्वाद.

तुझं तिकीट निघाल्यापासून शेजारच्या काकू रोज विचारतात, मुलगी कधी येणार म्हणून. मी त्यांना तुझे फोटो दाखवले. दिवाळीच्या फोटोपेक्षा आताच्या फोटोत गाल भरलेत, असं त्या लगेच म्हणाल्या. मावशीने वजनाचा विषय काढला की ताटावरून उठणारी तू. म्हणूनच आधी लिहून ठेवते.

इथे लोक लिफ्टमध्ये पहिल्या भेटीत वय विचारतात. मग पगार, घरभाडं, लग्न. वय विचारण्याला तर सरळ कारण आहे. समोरच्या माणसाला ताई म्हणायचं की काकू, हे त्यावर ठरतं. बाकीची चौकशी आपुलकीची. मला सर्दी झाली होती तेव्हा याच काकू आल्याची ढेप आणि लाल खजूर घेऊन दारात उभ्या होत्या, आणि मी कढत पाणी पिते की नाही हे बघितल्याशिवाय हलल्या नाहीत.

कढत पाण्याचं तर विचारूच नको. जुलैत अंगाची लाही होत असताना हॉटेलात वाफाळतं पाणी समोर येतं. गार पाणी हवं म्हटलं की पोटाचं काय होईल या काळजीने वेटर बघत राहतो. बुलेट ट्रेनच्या डब्यातही उकळत्या पाण्याचा नळ असतो. 1952 मध्ये सरकारने देशभर स्वच्छतेची मोहीम काढली, त्यात पाणी उकळून पिण्याचा प्रचार जोरात झाला आणि ती सवय हाडीमाशी भिनली. आजी इथे आली असती तर तिचा जीव सुखावला असता. तुझी बाटली आण, पण बर्फ शोधत फिरू नकोस.

आता खरी गंमत सांगते. गेल्या शनिवारी दुपारी पीपल्स पार्कात गेले होते. तिथे वाटेच्या दोन्ही बाजूंना उघड्या छत्र्या जमिनीवर मांडलेल्या असतात, आणि प्रत्येक छत्रीवर चिमट्याने लावलेला एक कागद. जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, स्वतःचा फ्लॅट आहे का, शांघायची हुकोऊ आहे का. हुकोऊ म्हणजे त्या शहरातली सरकारी नोंद, मुलांच्या शाळेपासून घरखरेदीपर्यंत तिचा संबंध येतो. छत्रीमागे घडीच्या खुर्चीवर आई किंवा बाबा. ज्यांची लग्नं ठरवायची ती मुलं बहुतेक तिथे नसतातच. आपल्या वधू-वर मंडळाची वही बागेत उघडून ठेवावी तसा सगळा प्रकार.

मी एक कागद वाचत उभी राहिले, तर एका गृहस्थांनी विचारलं, "मुलगा की मुलगी?" मुलगी म्हटल्याबरोबर पुढचा प्रश्न जन्मसालाचा, मग उंचीचा. शेजारच्या बाईंनी आपली छत्री सरकवून मला बसायला जागासुद्धा करून दिली! काळजी करू नकोस, तुझा कागद लावलेला नाही.

पण तासभर त्या बाईंशी बोलले. मोबाइलवर भाषांतर करत करत, मध्येच हातवाऱ्यांनी. त्यांची मुलगी तुझ्याच वयाची. 1980 पासून 2015 अखेरपर्यंत इथे एकाच मुलाचा नियम होता, त्यामुळे त्या छत्र्यांमागे बसलेल्या बहुतेकांचं सगळं जग एका कागदावर मावतं. मलाही एकच लेक, तीही समुद्रापार. त्यांना माझं दुखणं समजावून सांगावं लागलं नाही.

बाकी बारीकसारीक. ऑफिसात जेवणानंतर दिवे मालवतात आणि टेबलाखालून घडीच्या खाटा निघतात. पुण्यातली एक ते चार अगदीच विसरलीस नसशील, तर तुला हे फार आवडेल. भाजीबाजारात मात्र बोटं नीट बघ. इथे एका हातावर दहापर्यंत मोजतात. अंगठा आणि करंगळी वर म्हणजे सहा, अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ. भाजीवाली दोन बोटं दाखवतेय म्हणून दोन युआन काढशील.

जेवणाचं तुला जपावं लागेल. मांस नको म्हटलं तरी घेवड्याच्या शेंगांत डुकराचा खिमा पेरलेला येतो, कारण तो चवीपुरता असतो, त्याला मांस म्हणून कुणी मोजत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी तुला गोंगदलिनमध्ये नेणार आहे. 1922 पासूनचं बौद्ध पद्धतीचं शाकाहारी हॉटेल आहे. तिथे सोयाच्या दुधाच्या सायीचे थर लावून केलेलं 'बदक' मिळतं. काकूंनाही बोलवू. बिल मात्र मी आधीच गुपचूप भरून येईन, नाहीतर गल्ल्यापाशी त्या माझा हात धरून ठेवतील, आणि त्यांच्या हातात जोर भारी आहे.

येताना गोडा मसाला आण, आणि काकूंसाठी एखादी छान इरकल ओढणी. लालच आण, पांढरी नको, पांढरा इथे दुखवट्याचा रंग. त्या दोनदा नको नको म्हणतील, तरी तिसऱ्यांदा हातात दे. तुझ्यासमोर त्या उघडून बघणार नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी गळ्यात घालून अंगणात व्यायामाला जातील, तेव्हा खिडकीतून बघ.

तुझी आई