किनारा सोड, खोऱ्यात राहा

मेक्सिको सिटी

प्रिय सुधीर,

तुझी यादी वाचली. एका आठवड्यात वाहाका शहर, किनाऱ्यावरची पुएर्तो एस्कोंदिदो आणि वातुल्को, आणि वर दोन दिवस डोंगरात? सुट्टीवर येतोयस की पाहणी दौऱ्यावर? २०२४ साली नवा रस्ता झाल्यापासून शहरातून किनाऱ्यावर तीनेक तासांत उतरता येतं, हे खरं. पण समुद्र तुला गुहागरलाही आहे. मेक्सिकोच्या या वाहाका राज्यात यायचं ते शहराभोवतीच्या खोऱ्यासाठी.

सुरुवात मोंते अल्बानपासून कर. इसवी सनापूर्वी ५००च्या सुमारास सापोतेक लोकांनी डोंगराचा माथा सपाट करून तिथे राजधानी वसवली. सावली जवळजवळ नाही, तेव्हा दार उघडताच आत शीर. दगडांवर कोरलेल्या वेड्यावाकड्या नग्न आकृत्यांना जुन्या लोकांनी ‘नाचणारे’ ठरवून टाकलं. आता बरेच अभ्यासक ते मारलेले कैदी असावेत असं म्हणतात. एकदा हे कळलं की त्यांच्याकडे पूर्वीसारखं बघवत नाही. इथल्या ७ क्रमांकाच्या थडग्यात १९३२ मध्ये आल्फोन्सो कासो यांना मिश्तेक या दुसऱ्या लोकांचं सोनं सापडलं. ते मात्र खाली शहरात, सांतो दोमिंगो चर्चला लागून असलेल्या संग्रहालयात आहे. त्याच दिवशी दुपारी ते बघून घे.

मग मितलाच्या जुन्या अवशेषांचा रस्ता धर. वाटेत तूलेचं प्रचंड झाड लागतं. बुंध्याचा घेर चाळीस मीटरांच्या पुढे. फोटो काढ आणि नीघ. वेळ द्यायचा तो तेओतित्लान देल व्हायेला, विणकरांच्या गावाला. निवडुंगाच्या पानांवर पांढरी बुरशी धरल्यासारखा एक किडा वाढतो, कोचिनीया. वाळलेला किडा तळहातावर चिरडला की गर्द लाल रंग उतरतो. त्यावर लिंबू पिळलं तर नारिंगीकडे झुकतो, चुना टाकला तर जांभळा होतो. स्पॅनिश राजवटीत इथून जाणाऱ्या मालात चांदीच्या खालोखाल मोल या रंगाला होतं. गालिचे महाग वाटतील. हातमागावर किती दिवस गेले ते आधी विचार, मग घासाघीस करावीशी वाटते का बघ. रविवार असेल तर त्लाकोलूलाचा आठवडी बाजार चुकवू नकोस.

मितलाच्या भिंती तर तुझ्यातल्या स्थापत्य अभियंत्यासाठीच आहेत: कापलेले छोटे दगड चुन्याशिवाय एकात एक बसवून केलेली भौमितिक नक्षी. स्पॅनिशांनी इथलेच दगड उचलून शेजारी चर्च बांधलं. जवळच्या गिला नाकित्स गुहेत सहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची मक्याची कणसं मिळाली. (मक्यावरून आठवलं, गदर चळवळीतले आपले पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत राहून मक्याच्याच वाणांवर काम करत होते. चापिंगोच्या शेतकी महाविद्यालयात शिकवायचे. इकडे कुणाला सांगितलं तर आधी विश्वास बसत नाही.)

येताना मातात्लानला थांब. आपल्याकडे बांधावर घायपात असते ना, तिच्याच भावकीतल्या झाडाचे गड्डे खड्ड्यात तापल्या दगडांवर दिवसचे दिवस भाजतात आणि त्याची मेस्काल नावाची दारू काढतात. म्हणून तिला धुराची चव. घोट घोट घ्यायची असते; तुझी पद्धत इथे चालणार नाही. इएर्वे एल आग्वाचे, पाण्यातले क्षार साचून झालेले ‘दगडी धबधबे’ सुंदर आहेत, पण गावकऱ्यांच्या आपसातल्या वादांमुळे तिथली वाट अधूनमधून बंद पडते. निघण्याआधी हॉटेलात चौकशी कर.

आता वहिनींचं जेवण. इथे घेवड्याच्या उसळीतसुद्धा डुकराची चरबी असू शकते. ‘सिन मान्तेका’, म्हणजे चरबी नको, हे दोन शब्द पाठ करून घे. काळा मोले, म्हणजे मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा, दिसतो शाकाहारी, पण बहुतेकदा कोंबडीच्या रश्शात शिजवलेला असतो. त्यापेक्षा त्लायूदा, म्हणजे मक्याची मोठी कडक भाकरी, चरबी न लावता मागव, चीज घालून. बाजारात बायका मका आणि कोकोचं तेहाते हे पेय हाताने घुसळत बसलेल्या असतात. ते निर्धास्त प्या. भाजलेले नाकतोडे तू खा, वहिनींकडे पाठ करून.

जुलैत गेलागेत्साचा नाच-उत्सव असतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांचे दिवस. दोन्ही वेळी खोल्या मिळत नाहीत, त्यामुळे तारखा मला लवकर कळव.

तुझा,
विनय