टेप घेऊन लाईनवर आलेल्या मॅडमना

मॅडम, नमस्कार.

मी आठवत असेन की नाही माहीत नाही, कास्टिंगच्या, म्हणजे धातूच्या ओतीव भागांच्या, लाईनवर दुसऱ्या स्टेशनला होतो, तुम्ही खाली उकिडवं बसून ज्याच्या घोट्यापासून हातापर्यंतचं अंतर टेपने मोजलंत तोच मी. खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो.

त्याआधी माझ्या कमरेत दोनदा उसण भरली होती. दोन्ही वेळा ऐकायला मिळालं, गुडघ्यात वाकून उचलायचं एवढं कळत नाही का. मग कमरेचे पट्टे वाटले, ट्रेनिंग झालं, शेवटी मलाही वाटायला लागलं की आपलीच कंबर कच्ची. तुम्ही आलात आणि माझ्यापेक्षा पॅलेटकडेच जास्त बघत होतात. मिनिटाला किती पीस उचलतो ते मोजलंत, आणि शिफ्टच्या शेवटच्या तासाला परत आलात, म्हणालात दमलेला माणूस वेगळा वाकतो. एवढं कुणी कधी बघितलं नव्हतं हो.

पुठ्ठ्यावर तुम्ही मांडलेला हिशोब अजून माझ्या लॉकरमध्ये आहे. नायॉशचं, म्हणजे कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या सरकारी संस्थेचं, वजन उचलण्याचं १९९१ चं सूत्र, सगळं अगदी सोयीचं असेल तर जास्तीत जास्त २३ किलो उचलावं, पण वजन घोट्यांपासून ५० सेंटीमीटर लांब गेलं की निम्मं, म्हणजे साडेअकरा, त्यात ९० अंश वळून ठेवायचं असेल तर आठच्या आसपास, आणि जमिनीलगतून उचलणं, दिवसभर तेच तेच करणं हे धरलं की अजून खाली. माझं कास्टिंग १४ किलोचं! तो आकडा बघून डोळ्यात पाणी आलं माझ्या, खरं सांगतो. आणि गुडघ्यात वाकलं तरी गुडघे मध्ये येऊन हात उलट लांबच जातात, हे तुम्ही सुपरवायझरसाहेबांना स्वतः उचलायला लावून दाखवलंत, त्यानंतर त्यांनी मला एकदाही बोल लावला नाही.

आता पॅलेटखाली वर-खाली होणारं टेबल आलंय, कन्व्हेयर जवळ सरकवलाय, वळावं लागत नाही, पीस नुसता ओढून पुढे ढकलतो. घरी गेल्यावर बूट काढायला आधी भिंत धरावी लागायची, ती आता लागत नाही. मनापासून आभार मॅडम.

पाचव्या स्टेशनचा बिन मात्र अजून जमिनीवरच आहे, तिथला पोरगा नवीन आहे आणि काही बोलत नाही. त्याची मापं मी तुमच्यासारखीच टेपने घेऊन ठेवलीत, पुढच्या वेळी आलात की आधी तिकडे चला.